कचरा मिसळण्याआधी

महाराष्ट्रातील शहरांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या कचऱ्याचा जो बंदोबस्त केला, तो मुख्यतः अंतराच्या आधारे केला. कचरा वस्तीपासून पुरेसा लांब नेला की जबाबदारी संपली, असे गृहीत धरून वेशीबाहेरची दलदल, जुनी खाण किंवा गायरान शोधले गेले. शहर वाढत वाढत तेथपर्यंत पोहोचले की नवी वेस आणि नवे गायरान शोधले गेले. आणि ज्यांच्या दाराशी हा ढीग येऊन पडला त्यांना विचारण्याची गरज बहुतेक वेळा कोणालाच वाटली नाही. या पद्धतीचा, म्हणजे क्षेपणभूमीचा किंवा लोकांच्या तोंडी असलेल्या डम्पिंग ग्राउंडचा, आणि तिला असलेल्या पर्यायांचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे. येथे मांडावयाचे मत असे की ज्या क्षणी ओला आणि सुका कचरा एका डब्यात मिसळतो, त्या क्षणीच त्याचे पुढचे भवितव्य बहुतांशी ठरून जाते, आणि म्हणून पर्यावरणाला मानवणाऱ्या प्रत्येक पर्यायाची कसोटी यंत्राच्या आधी त्या डब्यापाशी आणि तो उचलणाऱ्या माणसापाशी लागते.

मुंबईची हकीकत या दृष्टीने तपशिलात पाहण्यासारखी आहे. 1896 च्या प्लेगमुळे शहराला आपल्या घाणीची भीती वाटू लागली आणि त्यानंतरच्या वर्षांत पूर्वेकडील चेंबूर-देवनारच्या खाडीकाठच्या दलदलीत कचरा नेण्याची व्यवस्था झाली. कुर्ल्याहून चेंबूरला जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठीच टाकला गेला आणि 1924 मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला, म्हणजे आज हार्बर मार्गावरून रोज कामाला जाणाऱ्या माणसांच्या आधी त्या वाटेने शहराचा केरकचरा गेलेला आहे. देवनारची क्षेपणभूमी महापालिकेच्या नोंदीप्रमाणे 1927 पासून वापरात आहे. तिचा विस्तार सव्वाशे हेक्टरांच्या आसपास असून, 2025 मध्ये हा जुना कचरा उपसून जमीन मोकळी करण्यासाठी जी निविदा निघाली, तिच्यात तेथील कचऱ्याचे वजन 185 लाख टन आणि खर्चाचा अंदाज सुमारे 2,368 कोटी रुपये धरला होता. जे टाकताना जवळजवळ फुकट वाटले, ते उचलताना किती महाग पडते, याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

अशा ढिगाच्या पोटात काय चालते, हे समजून घेतल्याखेरीज पर्यायांची चर्चा वरवरची राहते. भारतीय शहरांच्या कचऱ्यात वजनाने निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला, म्हणजे स्वयंपाकघरातील आणि बाजारातील कुजणारा असतो. हा भाग हवेत पसरून राहिला तर त्याच्यावर काम करणारे सूक्ष्मजीव प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे खत करतात. तोच प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, थरावर थर चढवून दाबला गेला की आतला प्राणवायू संपतो आणि दुसऱ्याच जातीच्या, प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. त्यांच्या कामातून जो वायू निर्माण होतो त्यात साधारण निम्मा मिथेन असतो, आणि मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, शंभर वर्षांच्या कालावधीत मोजली तर, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आणि वीस वर्षांच्या कालावधीत मोजली तर सुमारे 80 पट भरते. त्याच वेळी ओल्या कचऱ्यातील पाणी आणि वरून पडणारा पाऊस मिळून एक काळा, दुर्गंधीयुक्त द्रव ढिगाच्या तळाशी झिरपत राहतो, ज्याला तांत्रिक भाषेत लिचेट म्हणतात. वाटेत लागलेल्या बॅटरीतले, रंगातले, औषधांतले जे काही विरघळण्यासारखे असेल ते बरोबर घेऊन हा द्रव जमिनीत आणि तेथून विहिरींत उतरतो. कोकणपट्टीत, जेथे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे या द्रवाचे प्रमाण किती असेल याची कल्पना करता येते.

मिथेन पेटतो, आणि तो एकदा ढिगाच्या आत पेटला की वरून पाणी मारून सहजासहजी विझत नाही. जानेवारी 2016 च्या अखेरीस देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि दूरच्या उपनगरांतील लोकांनाही काही दिवस आपल्या शहराच्या कचऱ्याचा वास घेत राहावे लागले. मात्र जे इतरांसाठी काही दिवसांचे होते, ते गोवंडी-शिवाजीनगर-बैंगणवाडीच्या रहिवाशांसाठी नेहमीचे होते. हा भाग ज्या एम-पूर्व प्रभागात मोडतो, त्याचा क्रमांक 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहरातील सर्व प्रभागांत शेवटचा लागला होता. क्षेपणभूमीमुळेच ही दुर्दशा झाली असे म्हणणे एकांगी ठरेल, कारण शहराने आपले कत्तलखाने, विस्थापितांच्या वसाहती आणि रुग्णालयीन कचऱ्याची भट्टीही याच बाजूला आणून ठेवली. पण एका शहराने नकोशा वाटणाऱ्या सगळ्या गोष्टी आणि नकोशी वाटणारी माणसे एकाच कोपऱ्यात जमा करावीत, यात पर्यावरणाच्या प्रश्नाइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे, आणि त्याचा उच्चार अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच होतो.

देवनारला आग लागली त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने, कचऱ्याची विल्हेवाट नियमानुसार होत नसेल तर शहरात नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असा कठोर आदेश दिला. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. या आदेशाच्या कायदेशीर बाजूविषयी मतभेद असू शकतील, पण त्यामागचे तर्कशास्त्र सरळ होते: जे शहर आहे त्याच लोकसंख्येचा कचरा पचवू शकत नाही, त्याने आणखी इमारती कोणत्या आधारावर उभाराव्यात? त्याआधीच गोराईची क्षेपणभूमी 2009 मध्ये वर मातीचे आणि प्लास्टिकचे आच्छादन घालून, आतला वायू नळ्यांनी बाहेर काढण्याची सोय करून बंद करण्यात आली होती, मुलुंडची 24 हेक्टरांची जागा 2018 मध्ये बंद झाली, आणि शहराचा बहुतेक भार कांजूरमार्गवर आला. ती जागाही खाडीलगतची, तिवरांच्या शेजारची आहे; मे 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती संरक्षित वनाची जमीन ठरवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निर्माण करणाऱ्या महानगराची बहुतेक व्यवस्था अशा एका न्यायप्रविष्ट जमिनीवर टेकलेली असणे, ही काही स्थैर्याची खूण नव्हे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. उघड्यावर ढीग लावणे वाईट असेल, पण शास्त्रोक्त भरावभूमी, म्हणजे तळाला अस्तर घालून, रोजचा कचरा रोज मातीने झाकून, झिरपणारा द्रव गोळा करून चालवलेली जागा, हा उत्तम मार्ग नाही काय, असे विचारले जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्रेस्नो येथे 1930 च्या दशकात सुरू झालेली भरावभूमी ही या पद्धतीची आद्य प्रयोगशाळा मानली जाते. चर खणणे, कचरा दाबणे आणि त्याच दिवशी त्यावर माती टाकणे ही शिस्त तेथे घालून दिली गेली. त्याच जागेचा समावेश 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वाधिक प्रदूषित, शुद्धीकरणाची गरज असलेल्या स्थळांच्या यादीत झाला. भारतीय नियमांनी यापुढे जाऊन तळाशी 90 सेंटिमीटर जाडीचा पाणी न झिरपू देणारा चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे दणकट प्लास्टिकचे अस्तर घालावे असे सांगितले आहे, आणि जागा बंद झाल्यावर 15 वर्षे तिची देखभाल करावी असेही सांगितले आहे. हे नियम योग्यच आहेत. त्यांचे पालन झाले असते तर कितीतरी गावांच्या विहिरी वाचल्या असत्या. पण अस्तर कधी ना कधी थकते, आणि पुरलेला कचरा त्याआधी निष्क्रिय झालेला असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय एवढा खर्च करून ज्या वस्तूला कायमचे बंदिस्त करावयाचे, तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग मुळात शेतजमिनीला हवा असलेला पदार्थ असतो, ही गोष्ट कितीही चांगले अस्तर घातले तरी बदलत नाही.

युरोपने हे ओळखून भरावभूमीत कुजणारा कचरा जाऊ न देण्याचे धोरण 1999 पासून आखले, जर्मनीने जून 2005 पासून प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा पुरण्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी दक्षिण कोरियाने उष्टे-खरकटे थेट पुरणे थांबवले. भारतात 1996 मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून 2000 सालचे नियम आले आणि पुढे 2016 चे नियम आले, ज्यांनी घराघरात कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे बंधनकारक केले. कागदावर भारताचा कायदा फारसा मागे नाही. मागे आहे ते डब्यापासून गाडीपर्यंतचे काही पावलांचे अंतर, कारण घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र पडताना ज्या गृहिणीने एकदा पाहिला, तिला पुन्हा वेगळा करायला सांगण्याचा नैतिक अधिकार नगरपालिका गमावते.

गावांनी केलेल्या प्रतिकारामुळेच हा कायदा काही प्रमाणात तरी जिवंत राहिला, हे नोंदवणे आवश्यक आहे. पुण्याने कोथरूडचा कचरा डेपो बंद करून उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे कचरा वळवला, तेव्हा कोथरूड शहरात आले होते आणि ही गावे अद्याप बाहेर होती. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचे आगार आहे, आणि फुरसुंगीच्या विहिरींचे पाणी मात्र पिण्याजोगे उरले नाही, टँकरची वाट पाहणे हा तेथील दिनक्रमाचा भाग झाला. गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या आणि प्रत्येक वेळी शहराला आपल्या कचऱ्याची आठवण झाली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या लोकांनी तीन दशकांहून अधिक काळ सोसल्यानंतर गाड्या कायमच्या थांबवल्या, तेव्हा शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि दुसरी जागा शोधण्याच्या खटपटीत मिटमिटा येथे हिंसाचार झाला. या आंदोलनांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की शहरांत वर्गीकरणाचे, खतनिर्मितीचे आणि विकेंद्रित प्रकल्पांचे जे निर्णय घाईघाईने झाले, ते बहुधा अशा अडवणुकीच्या पुढच्या आठवड्यांत झाले.

पर्यायांमध्ये सर्वांत आकर्षक म्हणून पुढे केला जातो तो कचरा जाळून वीज निर्माण करण्याचा. त्याविषयी फार लांबण लावण्याचे कारण नाही. दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने 1987 मध्ये उभारलेला प्रकल्प जेमतेम 21 दिवस चालला, कारण तेथे येणाऱ्या कचऱ्यात ओल आणि माती इतकी होती की तो स्वतःच्या उष्णतेवर नीट जळेना. नंतरची यंत्रे सुधारली, तरी भौतिकशास्त्र बदललेले नाही: ओला कचरा जाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा हिस्सा त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. कचरा सुका करून दिला तर भट्टी चालते, पण सुक्या कचऱ्यातील जे चांगले जळते ते कागद आणि प्लास्टिकच कचरावेचकांच्या पोटापाण्याचे साधन असते, आणि ज्या भट्टीला रोज ठरावीक टन माल पुरवण्याचा करार पंचवीस वर्षांसाठी झालेला असतो, ती कचरा कमी करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाची प्रतिस्पर्धी बनते.

याउलट ओल्या कचऱ्याचे खत करणे हा पर्याय या भूमीला नवा नाही, आणि त्याच्या इतिहासाकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे त्यात बरेच आहे. होळकरांच्या इंदुरात 1924 मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून, ठरावीक काळाने ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत एकजीव खत तयार करण्याची रीत बसवली. 1931 मध्ये या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली आणि पाश्चात्त्य देशांतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीने तिला आपल्या मूलाधारांत स्थान दिले. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. वाड यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या भाषेतही फारसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. या पद्धतीचे मर्म प्रमाणात आहे. सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे तीस भाग लागतात. स्वयंपाकघरातील ओला कचरा नत्राने समृद्ध असतो आणि वाळलेला पाला कर्बाने. दोन्हींचा मेळ बसला, ढिगात पिळलेल्या फडक्याइतकी ओल राहिली आणि हवा खेळली, तर ढीग आपोआप 55 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत तापतो, रोगजंतू व तणांचे बी मरते आणि दुर्गंधी येत नाही. ज्या शहरांत हिवाळ्यात झाडलेला पाला कोपऱ्यावर पेटवून दिला जातो आणि त्याच वेळी ओला कचरा मैलोगणती दूर नेऊन सडवला जातो, तेथे एकमेकांची नितांत गरज असलेले दोन पदार्थ दोन वेगळ्या मार्गांनी हवा बिघडवीत असतात.

या कामाला सामाजिक अर्थ देणारा माणूस कोकणात होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैला आणि केरकचरा यांच्यापासून खत करणे हा जातिनिर्मूलनाचाच कार्यक्रम मानला, कारण घाण हाताळण्याचे काम एका जातीच्या माथी असेपर्यंत ते काम हीनच राहणार आणि त्यातले शास्त्रही कोणी शिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांना सफाईचे काम करू देण्यास नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाचे संडास आणि खतखड्डे यांचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. आजच्या घनकचरा व्यवस्थापनाच्या अहवालांत प्रतिटन खर्च, वाहतूक, यंत्रांची क्षमता असे सारे असते. काम करणाऱ्याची प्रतिष्ठा हा रकाना नसतो. अप्पासाहेबांनी नेमका तो पहिला लिहिला असता.

त्या काळच्या कचऱ्यात प्लास्टिक नव्हते, ट्यूबलाइट नव्हत्या, डायपर नव्हते, आणि आजच्या शहराला इंदूर पद्धत जशीच्या तशी लावता येणार नाही, हे खरे आहे. मिसळलेल्या कचऱ्यापासून केलेले शहरी खत अनेक शेतकऱ्यांनी एकदा घेऊन पुन्हा घेतले नाही, कारण त्यात काचेचे तुकडे आणि पिशव्यांच्या चिंध्या निघाल्या आणि जड धातूंची शंका राहिली. महाराष्ट्र शासनाने चांगल्या प्रतीच्या शहरी खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिले आणि केंद्राने विक्रीसाठी टनामागे 1,500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले, पण शेतकऱ्याचा गेलेला विश्वास अनुदानाने परत येत नाही. तो फक्त स्वच्छ खताने परत येतो, आणि स्वच्छ खत फक्त वेगळ्या ठेवलेल्या ओल्या कचऱ्यापासूनच होते. वायुनिर्मितीचेही तसेच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात ओला कचरा आधी दळून, प्राणवायूच्या साहाय्याने व उष्णतेने अर्धवट पचवून मग बंद टाकीत वायू देण्यासाठी सोडला जातो. इंदुरात 2022 मध्ये सुरू झालेला, रोज 550 टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा जैववायू प्रकल्पही याच तत्त्वावर उभा आहे. क्षेपणभूमीत जो मिथेन शाप ठरतो, तोच बंद टाकीत इंधन होतो. पण या टाक्यांना दगड, केस, नारळाच्या करवंट्या आणि प्लास्टिक चालत नाही. इंदूरचा प्रकल्प चालला याचे श्रेय यंत्राला जितके द्यावे, त्याहून अधिक त्या शहरातील घरांना आणि दारोदार फिरून कचरा परत करण्याचे धैर्य दाखवणाऱ्या कर्मचाऱ्यांना द्यावे लागेल.

याच संदर्भात गृहनिर्माण संस्थांतील अनुभवाचा उल्लेख करणे भाग आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2017 पासून मोठ्या संस्थांना, रोज 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना, ओला कचरा आवारातच जिरवण्यास सांगितले. ज्या संस्थांनी विटांचे साधे खड्डे किंवा जाळीचे पिंजरे करून त्यांत पाला आणि ओला कचरा यांचे थर लावले आणि एका माणसाला योग्य वेतन देऊन त्याची देखरेख सोपवली, त्यांच्याकडे हे काम टिकते. चोवीस तासांत खत करण्याचा दावा करणारी विजेची यंत्रे मात्र बहुधा कचरा वाळवून त्याचा भुगा करतात. त्या भुग्यात पाणी पडले की तो पुन्हा सडू लागतो, कारण सूक्ष्मजीवांना जो वेळ लागतो तो वीज वाचवू शकत नाही.

आता त्या माणसाकडे वळावे, ज्याच्याविना वरील एकही पर्याय उभा राहत नाही. पुण्यात 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली, आणि एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्येने दलित समाजातील, स्त्रियांची ही संघटना. तिची पहिली मागणी मदतीची नव्हती. कचरा वेचणे हे काम आहे, शहराचा त्यात फायदा आहे, म्हणून या स्त्रियांना कामगार म्हणावे आणि ओळखपत्र द्यावे, अशी ती होती. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. तिचे सभासद घरोघर जाऊन वेगळा केलेला कचरा घेतात, त्याबद्दल प्रत्येक घराकडून मासिक शुल्क मिळवतात, आणि सुक्या कचऱ्याची आणखी बारकाईने निवड करून तो भंगारवाल्याला विकतात. कागदाच्या जाती, प्लास्टिकचे प्रकार, दुधाच्या पिशवीचे आणि शॅम्पूच्या पुडीचे वेगळे भाव हे ज्ञान या स्त्रियांच्या बोटांत आहे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने 1998 पासून 'परिसर विकास' उपक्रमातून अशाच स्त्रियांना खतनिर्मिती आणि जैववायू संयंत्रे चालवण्याचे शिक्षण दिले. या दोन्ही प्रयोगांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे: वर्गीकरण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अचूक होते ते कचरा निर्माण होण्याच्या ठिकाणाजवळ, प्रशिक्षित माणसाच्या हाताने; शेकडो टन मिसळलेला कचरा पट्ट्यावरून फिरवून नंतर वेगळा करण्याचा प्रयत्न त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. असे असताना शहरे दारोदारचा कचरा गोळा करण्याचे कंत्राट वजनावर देतात, म्हणजे जितका अधिक कचरा भरावाकडे जाईल तितके अधिक पैसे मिळतील अशी व्यवस्था करतात, तेव्हा त्या कंत्राटाच्या रचनेतच क्षेपणभूमीचे आयुष्य वाढवलेले असते.

लहान गावांना हे सोपे जाते, हे मान्य करावे लागेल. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपालिकेने कचऱ्याचे अनेक प्रकारांत वर्गीकरण सुरू केले, ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत केले, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले, आणि जेथे ढीग होता ती जागा लोक पाहायला येऊ लागले. गोव्यात साळगावला जुन्या ढिगाच्या जागीच 2016 मध्ये प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला. मुंबईला वेंगुर्ले होता येणार नाही. पण मुंबई ही अनेक प्रभागांची आणि हजारो गल्ल्यांची आहे, आणि घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये 1990 च्या दशकात रहिवाशांनी जे स्वतःहून केले, त्यातूनच प्रगत परिसर व्यवस्थापनाची कल्पना महापालिकेने उचलली होती. ती चळवळ पुढे मंदावली. रहिवासी थकले त्याआधी, त्यांनी वेगळा ठेवलेला कचरा वेगळा नेण्याची व्यवस्था थकली होती.

जुन्या ढिगांचे काय, हा प्रश्न उरतो. बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उकरून, त्याच्या लांब राशी लावून, जिवाणूंचे मिश्रण फवारून, काही आठवडे उलथत राहून मग मोठ्या फिरत्या चाळण्यांतून त्याचे घटक वेगळे करणे, ही पद्धत आता देशभर स्वीकारली गेली आहे. इंदूरने आपला देवगुराडियाचा जुना ढीग याच रीतीने 2018 मध्ये हटवला; मुलुंडला सुमारे 70 लाख टनांवर हे काम हाती घेण्यात आले. चाळणीतून निघणारी बारीक माती, जळण म्हणून सिमेंटच्या भट्ट्यांना जाणारे प्लास्टिक-चिंध्या, आणि दगड-विटा असे तीन मुख्य घटक त्यातून मिळतात. काम उपयुक्त आहे, पण दोन बाबतींत सावधगिरी हवी. त्या मातीत जड धातू असू शकतात, म्हणून तपासणीशिवाय ती शेतात टाकणे म्हणजे एका जागेचे प्रदूषण वाटून देणे होय. आणि मोकळी झालेली जमीन मौल्यवान असते; तिच्या किमतीवर डोळा ठेवून घाईने ढीग उपसला जात असेल आणि त्याच वेळी रोजचा मिसळलेला कचरा दुसऱ्या खाडीकाठी जात असेल, तर ढिगाने केवळ पत्ता बदललेला असतो. देवनारच्या ढिगावर ज्यांनी तीन-तीन पिढ्या कचरा वेचून पोट भरले, त्यांना या नव्या कामात वेतन व संरक्षणासह जागा मिळते की नाही, हे निविदेच्या अटींतच लिहिले गेले पाहिजे.

ओला कचरा पूर्णपणे जिरवला आणि सुक्यातले विकण्याजोगे सारे विकले, तरी काही उरतेच: अनेक थरांच्या चमकदार वेष्टनांच्या पुड्या, डायपर, सॅनिटरी पॅड, तुटलेली चिनीमाती, झाडलेली धूळ. यांपैकी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे वेचणाऱ्या हातांना आधीच कळेल, ही सूचना पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी केली आणि वापरलेल्या वस्तूंची जबाबदारी उत्पादकांनी घ्यावी यासाठी त्या वर्षानुवर्षे भांडत आल्या आहेत. 2016 च्या नियमांनी उत्पादकांवर ही जबाबदारी घातली. पॅडसोबत पिशवी देण्याची तरतूदही त्यांत होती. उरलेल्या या भागासाठी अस्तर घातलेली, लहान, नीट राखलेली भरावभूमी लागणार आहे आणि ती कोठे असावी हे ठरवताना शहराने प्रथम स्वतःच्या हद्दीत पाहिले पाहिजे. तिचा आकार किती असावा, हे बाजारात येणाऱ्या वस्तू कशा बनवल्या जातात यावर आणि प्रत्येक घरातील दोन डबे गाडीपर्यंत वेगळे राहतात की नाही यावर अवलंबून राहील. आणि त्या डब्यांमागे रोज सकाळी दारात उभी राहणारी स्त्री महापालिकेच्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली येते, हेही पुढच्या करारापूर्वी ठरवावे लागेल.